मी पेटवून घेतलं नव्हतं

"स्वतःच पेटवून घेतलंय हिनं. नवरा-बायकोचं भांडण. रोजचंच हाय ह्यांचं."

स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी हे ऐकलं. सांगलीचा दवाखाना. अपघात विभागाचं दार. बोलणारा आमच्या गुऱ्हाळाच्या मालकाचा पुतण्या. त्याला सगळे भैया म्हणायचे. त्याच्याच पिकअपमधून मला आणलं होतं, मागच्या बाजूला, गुळाच्या बारदानावर टाकून.

मला ओरडायचं होतं. खोटं हाय. मी कामावर होते. तोंड उघडलं तर घशातनं नुसती शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला. आत सगळं भाजलं होतं.

डॉक्टर तरणा होता. त्यानं भैयाकडं बघितलं. कडक इस्त्री, हातात दोन मोबाईल. मग माझ्याकडं बघितलं. जळलेलं लुगडं, जळलेले केस. कुणाचं खरं धरायचं ते त्यानं तिथंच ठरवलं.

"पोलिसांना कळवा," तो म्हणाला. "जळीत केस आहे."

एक सिस्टर कात्रीनं माझे कपडे कापायला लागली. कापड कातडीला चिकटलेलं. कापता कापता म्हणाली, "लेकरं आहेत का गं तुला? असं करताना त्यांचा तरी विचार करायचास."

कात्री चालत होती. कपडे गळून पडत होते. भैया तिथंच उभा होता. त्याला बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही.

मी आटपाडीकडची. धनगराची. बापाची मेंढरं होती तोवर घरात दूध होतं, लोकर होती. मग मेंढरं कमी झाली, आणि लग्नानंतर मी आणि माझा नवरा म्हाकू दर हंगामाला कृष्णाकाठी गुऱ्हाळावर कामाला यायला लागलो. पोरगी जनी माझ्या आईकडं असायची. शाळेत जायची. म्हाकू घाण्यात ऊस सारायचा. रस मोठ्या काहिलीत जायचा आणि उकळत राहायचा. काहिलीखालचं चुलवाण माझ्याकडं. सकाळपासून त्याच्या तोंडाशी बसून राहायचं आणि उसाची वाळकी चिपाडं आत ढकलत राहायची. जाळ मोडला की वरून गूळ शिजवणारा गुळव्या ओरडायचा. 

त्या हंगामात चिपाडं भिजली. जाळ धरेना. भैयानं ट्रॉली भरून कचरा आणला. कुठल्या तरी कारखान्यातला. रबराचे तुकडे, चपलांचे तळवे, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि मधेमधे पत्र्याचे बंद डबे. काळा धूर निघायचा. थुंकी काळी यायची. गुळाला मात्र लोक गावरान म्हणून न्यायचे.

मी एक डबा हलवून बघितला. आत काहीतरी खळखळत होतं.

"भैया, ह्यात कायतरी हाय. फुटंल."

तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "तू मालकीण हायस का जाळ घालनारी? सार गप."

सारला.

आवाज मला आठवत नाही. लोक म्हणतात मोठा झाला. मला आठवतो तो चुलवाणातून बाहेर आलेला जाळ. आत जाणारा जाळ मी रोज बघायचे. बाहेर येणारा पहिल्यांदा बघितला. तो माझ्या तोंडावर आला. मी श्वास घेतला आणि तो श्वासातनं आत गेला. मग माझ्याच हातातल्या प्लास्टिकच्या बांगड्या मला वितळताना दिसल्या.

म्हाकूनं पळत येऊन पोतं टाकलं. कुणीतरी पाण्याची घागर आणली. दुसरा ओरडला, "पानी नगो, फोड येतील!" आणि घागर खाली ठेवली. कुणी पीठ लावलं. कुणी काकवी लावली. तोवर मालक आला. पांढरी विजार, पांढरा सदरा. त्याचा पहिला प्रश्न मी ऐकला.

"कुनी फोटू काढलाय का?"

मग त्यानं सगळ्यांचे मोबाईल मागून घेतले. मला गाडीत टाकलं. म्हाकू गाडीत चढायला लागला तर भैयानं त्याला खाली ढकललं. "तू थांब हितं. गर्दी नको."

माझा माणूस खाली राहिला, आणि माझ्यासाठी बोलायला भैया बरोबर आला. ते असं झालं.

दवाखान्यात माझं तोंड सुजत गेलं. पापण्या एवढ्या सुजल्या की डोळे मिटले ते उघडेचनात. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली. नळी असली की आवाज निघत नाही. हात दोन्ही पट्टीत. म्हणजे दिसत नाही, बोलता येत नाही, धरता येत नाही. कान तेवढे उघडे. आणि मी जागी आहे हे कुणाला माहीत नाही.

लोक माझ्यासमोर काय काय बोलले. "ही जायची." "पोट भाजलं नाही, वाचेल कदाचित." "वाचून तरी काय करणार, तोंड बघितलंस का?"

हात सुजून आतल्या आत आवळायला लागले. रक्त बोटांपर्यंत पोचत नव्हतं. डॉक्टरांनी मला पलंगावरच कोपरापासून मनगटापर्यंत चीर दिली. लांब. मला वाटलं आता मरते. काहीच लागलं नाही. जिथं खोल जळतं तिथं दुखणंसुद्धा जळून जातं. ज्या जागा वरवर भाजलेल्या असतात, त्या जीव घेतात. पट्टी बदलायच्या वेळी हे कळायचं. जुनी पट्टी भिजवून काढायचे, मग मेलेली कातडी घासून काढायचे. आवाज नसलेलं ओरडणं कसं असतं ते मला माहीत आहे. तोंड उघडं, गळ्याच्या नळीतून फुसफूस, आणि सिस्टर म्हणते, "झालं, झालं, थोडंच राहिलं."

वॉर्डात सकिनामावशी होती. लादी पुसायची, भांडी द्यायची, पेशंटला कुशीवर वळवायची. तिची सवय अशी की पेशंट ऐकत असो नसो, ती बोलायची. तिनंच एकदा माझी चादर सारखी करता करता सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला चौकीत बसवून ठेवलाय गं. त्याच्यापायी तू पेटवून घेतलंस म्हनत्यात. बायको वाचली तर बरं, न्हाई तर तो गेला आत."

मी पडल्या जागी हादरले. म्हाकू माझ्यावर हात उचलणारा माणूस नव्हे. मला सांगायचं होतं. मी पाय आपटले. मावशी म्हणाली, "थंडी वाजती व्हय?" आणि पायावर पांघरूण घातलं.

मग एक दिवस भैयाचा आवाज जवळ आला. बरोबर आणखी कुणीतरी. कागदाची सळसळ. या खेपेला भैयाचा सूर मऊ.

"हे बघ बाई. आपन असं करू. खोलीवर स्टो भडकला. तुझा दोष न्हाई, नवऱ्याचा न्हाई, कुनाचाच न्हाई. अंगठा दे. म्हाकू आज सुटतो."

दुसरा म्हणाला, "हाताला पट्ट्या आहेत."

"मग पायाचा घ्या."

माझं पांघरूण वर सरकलं. कुणीतरी माझा पाय घोट्याशी धरला. अंगठ्याला गार शाई लागली. जनावराला डाग देताना धरतात तसं धरलं होतं. मी आठवीपर्यंत शिकलेली आहे. मला सही येते. माझं नाव मी रेघेवर सरळ लिहिते. आणि माझ्या पायाचा अंगठा एक माणूस कागदावर दाबायला बघत होता, मला न दिसणाऱ्या कागदावर.

सगळ्या अंगात माझ्या ताब्यात तेवढे पायच राहिले होते. मी पाय ओढला. त्यानं परत धरला. मी गुडघा मुडपला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून लाथ घातली. काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं.

"तडफडतीया," भैया म्हणाला.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. "हे काय चाललंय? पेशंट शुद्धीवर आहे का, हे तुम्ही कुणाला विचारलंत? बाहेर व्हा." ती वॉर्डची डॉक्टरीण होती. ते गेले. ती माझ्या कानाशी वाकली.

"ऐकू येतंय का? येत असेल तर पाय हलवा."

मी हलवला.

"घरी भाजलात?"

मी पाय दगडासारखा ठेवला.

"कामावर?"

मी दोन्ही पाय हलवले. हलवत राहिले. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा थांबले. तिनं पांघरूण माझ्या पायावर परत ओढलं. मग म्हणाली, "नळी निघेल तेव्हा तुम्ही स्वतः सांगा. तोवर माझ्या हातात काही नाही."

ती गेली. मला वाटलं होतं आता कुणीतरी धावेल. कुणी धावलं नाही.

म्हाकू सुटला. तो माझ्या पलंगाशी आला तेव्हा त्याच्या वासावरून मी त्याला ओळखलं. तो आधी रडला. मग म्हणाला, "मी लिवून दिलं. स्टो भडकला म्हनून. काय करू? लय मारलं मला." त्याचा हात माझ्या पायावर होता, कारण दुसरीकडं कुठं ठेवायला जागा नव्हती. मला रडू आलं. मिटलेल्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि सोललेल्या गालावरून गेलं. डोळ्यांतल्या पाण्यात किती मीठ असतं ते तेव्हा कळलं.

मी त्याच्यावर रागावले नाही. आजही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या विरुद्ध माझ्याच माणसाचा शब्द होता.

पुढं ऑपरेशनं झाली. मांडीची कातडी पातळ काढून गळ्याला आणि हाताला लावली. जे जळालं नव्हतं तेही आता सोललं. मांडीची आग जळाल्या जागेपेक्षा जास्त. गळ्याचा एक तुकडा धरलाच नाही, खाली पू झाला. परत भूल, परत मांडी. डॉक्टर म्हणायचे, अंडी खा, मटण खा, कातडी धरायला ताकद लागते. आई गावाहून आली होती. डबा घेऊन पलंगाशी बसायची आणि माझ्या आवळलेल्या तोंडात चिमटीनं अंड्याचा बलक घालायची. मला लहानपणी तिनं असंच भरवलं असेल.

डोळे उघडले. नळी निघाली. भोक बुजलं. आवाज आला तो घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी.

मग मालक स्वतः आला. सफरचंदांची पिशवी घेऊन. नाकाला रुमाल. स्टुलावर बसला नाही. उभ्यानंच आईशी बोलला, माझ्याशी नाही.

"झालं ते झालं. म्हाकूला मी बारा म्हैने कामावर ठेवतो. हिच्या फुडच्या आपरेशनाचं बी बघू. पोलीस साहेब जबाब घ्यायला येतील, तवा स्टो म्हना. नवऱ्यानं बी तेच सांगितलंय. उगं येगळं बोलून त्याला खोट्यात पाडू नगा."

तो गेल्यावर आई माझ्या पायथ्याशी बसली. "म्हन बाई. आपन कुनाशी भांडनार? म्हाकूचं तर बघ."

म्हाकू दाराशी उभा. त्याला काय हवंय ते मला कळत होतं.

आणि मी ठरवलं होतं. हो म्हणायचं. खरंच ठरवलं होतं. मला दुखत होतं. पुढची ऑपरेशनं बाकी होती. खरं सांगून माझी कातडी परत येणार नव्हती. थकलेल्या माणसाला खोटं उशीसारखं वाटतं. डोकं टेकावं आणि झोपावं.

ज्या सकाळी साहेब येणार होते, त्या सकाळी आईनं जनीला आणलं. आधी तिला वॉर्डात सोडत नव्हते. सकिनामावशीनं व्हरांड्याच्या दारापर्यंत आणलं. मला वाटलं ती माझं तोंड बघून पळेल. ती पळाली नाही. लांब उभी राहिली, आजीचा पदर मुठीत धरून. माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली,

"आये, तू खरंच पेटवून घेतलंस?"

"कोन म्हनलं तुला?"

"शाळंत सगळी म्हनत्यात. तुझी आय तुला टाकून मराय निघालेली म्हनत्यात."

मी काही बोलायच्या आत तिनं खाली मान घातली आणि विचारलं, "मी लय तरास देत हुते का?"

पट्टी बदलताना दुखलं नाही तेवढं मला तेव्हा दुखलं. ही पोर इतके दिवस हे पोटात घेऊन शाळेत जात होती. माझी आई मला सोडून मरायला निघाली, आणि ते माझ्यामुळं. भैयानं दवाखान्याच्या दारात एक वाक्य टाकलं. ते आटपाडीपर्यंत गेलं. माझ्या लेकीच्या वर्गात जाऊन बसलं. मालक म्हणतो स्टो म्हण. स्टो म्हटलं तरी गावाला माहीत आहे बाई जळते तेव्हा स्टो का म्हणतात. म्हणजे जनीला जन्मभर तेच वाटणार.

मी तिला म्हटलं, "न्हाई. मी काम करत हुते. तुझ्या गळ्याची आन, मी मराय निघाले न्हवते."

साहेब आले. बरोबर डॉक्टरीण. तिनं मी शुद्धीवर असल्याचं सांगितलं. साहेबांनी कागद काढला आणि माझ्याकडं न बघता स्वतःच सुरू केलं, "घरी स्टोव्हचा भडका..."

"सायेब, आमच्यात स्टो न्हवताच."

त्यांनी वर बघितलं.

"आमी खोपटात ऱ्हायचो. तीन दगडांची चूल. चिपाडं गुऱ्हाळावर फुकट मिळत्यात, स्टो कशाला कोन घेईल? कुनी जाऊन बघितलं का? मी गुऱ्हाळाच्या चुलवानावर जळाले. भैयानं आनल्याला डबा फुटला."

घोगऱ्या आवाजात मी सगळं सांगितलं. मधे दम लागायचा. थांबायचे. परत सांगायचे. दाराशी म्हाकू भिंतीला टेकून खाली बसला. शेवटी त्यांनी शाईचा डबा काढला. मी म्हटलं, सही करणार. ताठ झालेल्या बोटांत मावशीनं पेन अडकवून दिलं. अक्षरं वाकडी आली. पण माझी आली.

मला वाटलं होतं, खरं एकदा सांगितलं की ते आपल्या पायानं चालायला लागतं. तसं होत नाही. गुळव्या म्हणाला, मी काही बघितलं नाही. घाण्यावरची माणसं म्हणाली, आम्ही जेवायला गेलो होतो. चुलवाणाजवळचा कचरा कधीच साफ झाला होता. म्हाकूला काम राहिलं नाही, त्या गुऱ्हाळावर नाही आणि आजूबाजूच्याही नाही. मालकाविरुद्ध बोललेल्या बाईचा नवरा म्हणून. तो त्याच्या भावाबरोबर मेंढरं चारत मुलखावर फिरायला गेला. कधी फोन करतो. जनीचं विचारतो. माझं विचारायच्या आत फोन ठेवतो.

मी आईकडं आले. दवाखान्यात सांगितलं होतं, मानेचा पट्टा काढू नका, मान रोज मागं ताणा, हात वर न्या, कितीही दुखलं तरी. व्रण दबून राहावा म्हणून घट्ट जाकीट घाला. मी करत होते. पण आटपाडीच्या उन्हात त्या जाकिटात घाम साचून जखमा परत उघडायच्या. तपासणीला सांगलीला जायचं तर एसटी. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, उभ्या बायकांचे पाय दुखत असले तरी. भाजलेली कातडी बरी होता होता आकसते. माझा गळा आकसत गेला. हनुवटी छातीकडं ओढली गेली. खालचा ओठ उलटा. पाणी प्यायलं तर अर्धं सांडायचं. मान वर होईना. डॉक्टर म्हणाले, गळा परत कापून मोकळा करायचा, परत नवी कातडी. तारीख मिळाली, पुढं गेली. परत मिळाली, परत पुढं गेली.

त्या अवस्थेत भरपाईच्या अर्जावर मला कामगार कचेरीत बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलाच्या एका बाजूला मी आणि आई. दुसऱ्या बाजूला मालक, भैया आणि त्यांचा वकील. मान खाली असल्यामुळं मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मालकाची कोल्हापुरी पायताणं. नवी. करकरीत.

साहेबांनी विचारलं, "ही बाई तुमच्याकडं कामाला होती?"

"न्हाई सायेब. मी वळखत न्हाई हिला."

"बघून सांगा."

मालक हसला. "तोंडच ऱ्हायलं न्हाई तर वळखायचं कसं?"

भैया हसला. वकील हसला. कारकून खोकल्यासारखं करून हसला. आईनं माझ्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायला हात केला.

मी तो हात बाजूला केला. उभी राहिले. मान वर जात नव्हती, म्हणून कंबरेतनं सगळं अंग मागं टाकलं. गळ्यावरचा व्रण ताणला. फाटतोय असं वाटलं. फाटलाही थोडा. पण मालकाचं तोंड दिसलं.

"बघा," मी म्हटलं. "हसू नका, बघा. हे तुमच्या चुलवानानं केलंय. चार हंगाम मी तुमचा जाळ राखला. आता बघा."

तो बघेना. त्यानं वकिलाकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, टेबलावरच्या पेपरवेटकडं बघितलं. माझ्याकडं नाही. मी तशीच मागं वाकून उभी राहिले. पाठ भरून आली. गळ्यावरून काहीतरी ओलं खाली गेलं. खोलीत कुणी हसत नव्हतं.

साहेब म्हणाले, "बसा बाई." आणि पुढची तारीख दिली.

निकाल नाही. काही नाही. नुसती तारीख. त्या हंगामात ते गुऱ्हाळ चालू होतं. एसटीतनं जाताना पाठ मागं टाकून बघितलं, तेव्हा धूर दिसला. काळा. म्हणजे चुलवाणाच्या तोंडाशी कुणीतरी बसलेली होती.

आता माझ्या गळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली आहे. ती परत पुढं जाईल, कदाचित जाणार नाही. कचेरीची तारीख त्याच्या आधी आहे. आई म्हणते, गळा मोकळा होऊ दे, मग जा. लोक बघतात. मी म्हटलं, आताच जाणार. अशीच.

आणि या खेपेला जनीला घेऊन जाणार आहे. आई म्हणाली, लेकराला कशाला ते? लेकरानं ऐकायचं आहे. तिनं इतके दिवस शाळेत माझ्याबद्दल खोटं ऐकलं, आता खोटं कोण बोलतो ते बघायचं आहे. मालकाला म्हणू दे परत, ही बाई मी ओळखत नाही. तिच्या डोळ्यांदेखत म्हणू दे. मी मागं वाकून उभी राहीन, आणि तो तोंड फिरवेल तिकडं जाऊन उभी राहीन.